तीन जागी ठेवलेला आवाज

नवी पेठेत अमरेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची चिंचोळी जागा. पण मालकाचं बोलणं असं, की सगळ्या सोलापूरचा डेटा त्याच्याच गल्ल्यात ठेवलाय असं वाटावं. दिपाली तिथं पहिल्यांदा गेली ती एक पेनड्राइव्ह घ्यायला. तिनं तसं म्हटल्याबरोबर अमरेशनं कपाळाला हात लावला.

"वहिनी, पेनड्राइव्ह म्हणजे एसटी. ह्या गावाहून त्या गावाला जायला ठीक आहे. त्यात कुणी संसार मांडतं का? काय ठेवायचंय त्याच्यात?"

"वडलांचा आवाज," दिपाली म्हणाली.

अमरेशनं कपाळावरचा हात खाली घेतला. मग धंद्याचा माणूस असल्यानं लगेच सावरला आणि त्यानं स्टूल पुढं केलं.

दिपालीचे वडील धुळा, म्हणजे तिचे आबा, हे सांगोल्याकडच्या माळावरचे मेंढपाळ. जन्म मेंढरामागं गेला. पाण्यावर न्यायची हाक वेगळी, वळवायची वेगळी, लांडग्याचा वास आला की कळप गोळा करायची वेगळी. त्यांच्या बापाकडून त्यांच्याकडं आलेल्या ह्या हाका, दुसऱ्या कुणाच्या कळपाला कळायच्याही नाहीत. दिपाली लहान असताना त्यांच्या मागं मागं फिरायची. पुढं शाळेसाठी हॉस्टेलला गेली, शिकली, लग्न होऊन सोलापुरात आली, आणि मग एका सुट्टीत तिच्या ध्यानात आलं, की आबांच्या पश्चात हे सगळं त्यांच्याबरोबर मातीत जाणार. जमिनीवरचा हक्क तिनं भावाला कुरकुर न करता सोडून दिला होता. तिला बापाचं एवढंच हवं होतं.

पण तोवर आबांचे गुडघे गेले होते आणि मेंढरं विकली गेली होती. ती मोबाईल पुढं धरून बसली, तर म्हातारा म्हणाला, "मेंढरं न्हाईत, तर हाक कुणाला मारू? भिताडाला?" मग तिनं चुलतभावाचा कळप जिथं बसला असेल तिथं त्यांना गाडीत घालून न्यायला सुरुवात केली. उन्हात, वाऱ्यात, सणवार सोडून. आबा बांधावर बसायचे, परकी मेंढरं बघून आधी नाक मुरडायचे, आणि मग कधीतरी हात तोंडापाशी न्यायचे. अशा कितीतरी खेपा झाल्या, तेव्हा कुठं सगळ्या हाका आणि त्यांचे अर्थ, मध्ये मध्ये आबांच्या शिव्या आणि खोकला, असं सगळं गोळा झालं. पुढच्याच उन्हाळ्यात आबा गेले.

ज्या मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तो म्हातारा झाला होता. घरच्या लॅपटॉपात जागा नव्हती, कारण तो नवऱ्याच्या गणवेश शिवायच्या धंद्याच्या बिलांनी आणि शाळांच्या नावांच्या भरतकामाच्या डिझाइनांनी गच्च भरलेला. म्हणून हे दुकान आणि हे स्टूल.

"कुठली कंपनी चांगली?" तिनं विचारलं.

"हा प्रश्नच चुकीचा, वहिनी. हार्ड डिस्क कुठल्याही कंपनीची घ्या, आज ना उद्या ती जाणार. तुम्ही तीन घ्या. दोन साध्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तिसरी ही बारकी घ्या, हिच्यात फिरणारं काही नसतं, पडली झडली तरी टिकते. तिन्हींवर तेच ठेवा, तिन्ही वेगळ्या जागी ठेवा, आणि त्यातली एक तरी घराबाहेर. घराला आग लागली, चोर आले, काही झालं तरी एक राहते. आणि अधूनमधून लावून बघत जा. नाहीतर इंटरनेटवर जागा घ्या, सगळ्यात बरं."

इंटरनेटवरच्या जागेचं तिनं घरी काढून बघितलं. आदिनाथ, तिचा नवरा, जेवता जेवता थांबला. "म्हंजी आपलंच सामान दुसऱ्याच्या माडीवर ठिवायचं, आन वर दरसाल त्याला भाडं बी आपुनच भरायचं? लई शानी हायेत की ही माणसं!" सासूबाई सोनाबाई ह्यावर खुदकन हसल्या आणि तो विषय तिथंच मिटला. दिपालीनं तीन डिस्का आणल्या.

एक घरातल्या कपाटात. दुसरी पुढच्या वर्कशॉपात, टेबलाच्या खणात. तिसरी घराबाहेर. घराबाहेर म्हणजे कुठं, ह्याचा विचार करायची तिला गरजच पडली नाही. बाईला घराबाहेरचं घर एकच असतं. मोहोळला तिचा थोरला भाऊ जोतिराम याचं खताबियाण्यांचं दुकान होतं, वर बंगला होता. ती बारकी डिस्क तिनं रुमालात बांधून नेऊन त्याच्या हातात दिली. त्यानं ती देवघराशेजारच्या कपाटात, जमिनीच्या कागदांच्या वर ठेवली आणि म्हणाला, "जिवापल्याड जपतो बघ. आबा माझंबी हुतं की."

अमरेशच्या सांगण्यानुसार ती घरातल्या दोन्ही डिस्का अधूनमधून लावून बघायची. मोहोळची मात्र तिनं कधी लावून बघितली नाही. भावाच्या घरी जाऊन आपली वस्तू तपासायची म्हणजे भावावर विश्वास नाही, असं दिसतं. पोरीनं माहेरी जाऊन असं करायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप येतं.

आता सासरचं. आदिनाथचं वर्कशॉप शाळेच्या गणवेशांचं. घराच्या पुढच्या अंगाला मशिनांची रांग, कापडाचे तागे, कटिंगचं टेबल. ऑर्डरी लिहून घेणं, मापांचे तक्ते, बिलं, शाळांशी बोलणं हे सगळं दिपाली कॉम्प्युटरवर करायची. पण त्या घरात काम म्हणजे मशीन चालवणं. ही करायची त्याला सोनाबाईंच्या भाषेत 'बसल्या जागी बोटं हलीवणं' म्हणत. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. कात्र्या, टेपा, मशिनं, इस्त्र्या, आदिनाथची मोटारसायकल, एवढंच काय, काजं करायचा बारका चाकूसुद्धा झेंडूखाली मांडला जायचा. दिपालीच्या कॉम्प्युटरला एक कुंकवाचं बोट कधी लागलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं सुचवून बघितलं, तर आदिनाथ म्हणाला, "त्यानं काय कापड शिवतंय व्हय?" पुन्हा तिनं तोंड उघडलं नाही. पण दर खंडेनवमीला आरतीचं ताट धरून उभी असताना ते तिला लागायचं, चांगलंच लागायचं.

ह्या वर्षी ऐन हंगामात आदिनाथला टायफॉईड झाला. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर तो अंथरुणात, आणि वर्कशॉप दिपालीनं एकटीनं ओढलं. एकही शाळा परत गेली नाही. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची त्या घरात रीत नव्हती. पण अष्टमीच्या संध्याकाळी सोनाबाई कात्र्या गोळा करत होत्या, त्या थांबल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "दिपाली, तुजं हत्यारबी काढून ठिव गं पूजेला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आज तिच्या कामाला ह्या घरानं हत्यार म्हटलं. तिचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती आत वळली आणि पदर सावरायचं निमित्त करून तिथंच उभी राहिली.

तिनं लॅपटॉप आणला. मग जरा थांबून, घरातली आणि खणातली अशा दोन्ही डिस्का आणल्या. "आत्या, ह्येबी माजंच हाय. आबांचा आवाज हाय ह्याच्यात."

"मग ठिव की. व्याही लई चांगला माणूस हुता. अजून काय हाय का? एकबी हत्यार मागं ठिवू नगं बाई. मागं ऱ्हायलं की ते रुसतं, आन वरीसभर काम दीत न्हाई."

"एक मोहोळला हाय दादाकडं."

"मग आणीव की!"

तिन्ही एका जागी आणायच्या म्हटल्यावर दिपालीला अमरेशची आठवण आली नाही असं नाही. आली, आणि तिनं ती झटकली. एका दिवसात काय होतंय? घरात माणसं होती, देवाचं काम होतं, सासू स्वतःहून मागत होती. अशा वेळी 'न्हाई, एक बाहेरच ऱ्हाऊ दे' म्हणणारी सून अजून जन्मायची आहे. तिनं जोतिरामला फोन लावला.

"ती कशाला पायजे?" जोतिराम जरा घुटमळला. "मी हितंच हळदकुकू लावतो की."

"न्हाई दादा, आत्या म्हणत्यात सगळी एका जागी पायजेत. तू उद्या दुकानाच्या मालासाठी येणारच हायस, घिऊन ये की."

"बरं," तो म्हणाला.

खंडेनवमीला ती पहाटेपासून चुलीपाशी होती. पुरण, कटाची आमटी, कामगारांचं जेवण. बाहेर आली तेव्हा पूजा मांडून झाली होती. मशिनांना झेंडूच्या माळा, मधोमध पाटावर मोठी कात्री, आणि तिच्या शेजारी, अगदी मानाच्या जागी, तिच्या दोन डिस्का. काळ्याभोर, चकचकीत, हळदीकुंकवाची बोटं ओढलेल्या. आत्यांनी पुसून लखलखीत केल्यात, असं तिला वाटलं, आणि तिचा ऊर भरून आला. दुपारी जोतिराम आला. त्याची ती बारकी डिस्कही तिथं ठेवली गेली. कोहळा कापला, नारळ फुटले. जोतिराम जेवून गेला, जाताना नेहमीइतका बोलला नाही. दिपालीनं पूजेचा फोटो काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं वर्कशॉपचा फोटो स्टेटसला ठेवला.

हत्यारं त्या दिवशी हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आदिनाथनं अक्षता टाकून पूजा उतरवली, आणि दिपालीनं लॅपटॉप उघडला. दसऱ्याला आबांची एक तरी हाक ऐकायची, असा तिनं आबा गेल्यापासून परिपाठ ठेवला होता. तिनं पहिली डिस्क लावली.

डिस्क टिक टिक करू लागली. टिक टिक टिक, आणि बंद. तिला वाटलं वायर सैल आहे. वायर बदलून तिनं दुसरी लावली. दिवा लागलाच नाही. जरा वेळानं जळकट वास आला, तशी तिनं ती ओढून काढली. हातात घेतली, तर फटीतून तेलकट पाण्याचा थेंब तिच्या बोटावर आला.

"आत्या, ह्याला पाणी कुठून लागलं?"

सोनाबाई कात्र्या कापडात गुंडाळत होत्या. त्या अगदी सरळ, जरा अभिमानानंच म्हणाल्या, "धुतल्या की. हत्यार पारोसं ठिवत्यात व्हय पूजेला? साबण लावला, नळाखाली चांगल्या चोळल्या, माज्या मऊ लुगड्यानं पुसल्या. गंजू नयेत म्हणून मशिनीचं तेल सोडलं फटीतनं. का गं? काय झालं?"

ओरडावं असं दिपालीला वाटलं. पण ओरडणार कुणावर? म्हातारीनं जे आपल्या मुलाच्या कात्रीला केलं तेच हिच्या डिस्कला केलं होतं. भेदभाव केला असता तर डिस्का वाचल्या असत्या. ह्या घरानं इतकी वर्षं तिच्या कामाला हात लावला नव्हता, आणि पहिल्यांदा लावला तो असा लावला. त्याहून वाईट म्हणजे ओल्या डिस्कांना वीज तिनंच दिली होती, लागोपाठ दोघींना.

आदिनाथ धावत आला. सोनाबाई घाबरून भिंतीला टेकल्या. "मला काय म्हाईत गं बाई," त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या, "मला काय म्हाईत, त्यात पाणी जातंय!"

"आगं पर, ती मोहोळची हाय की!" आदिनाथ म्हणाला. "ती तर दुपारी आली. ती कुठं धुतली?"

दिपालीचा जीव भांड्यात पडला. ती डिस्क कोरडी होती, नुसतं वरून कुंकू होतं. माहेरानं राखलं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ती लावली. दिवा लागला. पडद्यावर चौकट उघडली. सोनाबाईंनी तिथूनच हात जोडले.

आत फोल्डर होते. 'शिवराज हळदी'. 'शिवराज वेडिंग फायनल'. 'ड्रोन'. 'वरात'. दिपालीनं सगळं वरखाली केलं. 'आबा' नावाचं काही नव्हतं. तिनं पुन्हा बघितलं, नाव टाकून शोधलं, लपवलेलं काही असतं तेही उघडून बघितलं. जोतिरामच्या मुलाच्या लग्नानं डिस्क गळ्यापर्यंत भरली होती.

ते लग्न होऊन दोन उन्हाळे लोटले होते. हा व्हिडिओ तिनं स्वतः बघितला होता. मोहोळच्या बंगल्यात, मोठ्या टीव्हीसमोर, ताटात चिवडा घेऊन. आकाशातून मांडव किती छान दिसतोय म्हणून वहिनीचं कौतुकही केलं होतं. टीव्हीच्या मागं लटकत होती ती हीच डिस्क असणार, आणि तिनं ती ओळखली नव्हती. तिनं फोन लावला.

"दादा, आबा कुठं हायेत ह्याच्यातले?"

पलीकडं जोतिराम दुकानातल्या गिऱ्हाइकाला 'जरा थांबा' म्हणाला.

"आगं, फोटोवाल्यानं ऐन वेळेला डिस्क मागितली," मग तो म्हणाला. "लई मोठ्या फायली हुत्या त्याच्या. शिवराज म्हणला, ही पडलीच हाय कपाटात. म्हणलं, तुज्याकडं सोलापुरात दोन हायेतच की. त्यातनं परत भरून घिऊ कधीतरी. मग ते ऱ्हाऊनच गेलं बघ."

"सांगायचं तरी दादा."

"तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलं."

फोन ठेवल्यावर आदिनाथ जे बोलला ते त्यानं मनापासून, समजूत घालायलाच म्हटलं. "आमी निर्धास्त हुतो गं. आमाला वाटलं, हितं काय बी झालं तर तुज्या माहेरी हायच." सासर माहेराच्या भरवशावर, माहेर सासरच्या भरवशावर, आणि मधल्या मध्ये तिचं जे होतं ते कुणाकडंच नाही. हे तिला नवीन वाटलं नाही, हीच त्यातली सगळ्यात कडू गोष्ट होती.

अमरेशनं तिन्ही डिस्का बघितल्या. दोन्ही साध्या त्यानं पुण्याला, बिघडलेल्या डिस्कातलं काढून देणाऱ्यांकडं पाठवल्या आणि त्या जशा गेल्या तशा परत आल्या. बारकीवर एकदा पुसून दुसरं भरलं की खालचं निघत नाही, म्हणाला. "आणि मोबाईल?" त्यानं विचारलं. मोबाईल कधीच बदलून झाला होता. त्यानं एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. ते त्यानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, कारण तिला कुणाशी तरी भांडायचं होतं.

दिवाळीत जोतिराम आला. फराळाचे डबे, बहिणीला साडी, आणि चेहऱ्यावर अपराधीपणा. चहा झाल्यावर तो एकदम म्हणाला, "दिपे, तू मनाला लावून घिऊ नगं. आबाच्या हाका मलाबी येत्यात की. मी न्हाई का फिरलो मेंढरामागं? तू फोन काढ. मी म्हणतो, तू घे भरून."

दिपालीनं फोन काढला, कारण सगळे तिच्याकडं बघत होते. जोतिराम वर्कशॉपच्या मधोमध उभा राहिला, घसा खाकरला, हात तोंडापाशी नेला आणि त्यानं पाण्याची हाक मारली. दुकानात बसून बसून जाड झालेला आवाज मशिनांवरून घुमला.

"हुबेहूब गं बाई!" सोनाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आदिनाथनंही मान डोलवली.

हुबेहूब नव्हती. दिपालीला पहिल्याच सुराला कळलं, की ही आबांची नव्हे. आबा शेवटी आवाज सोडायचे की तोडायचे? मध्ये वळण होतं, ते खाली जाणारं होतं की वर? तिला भावाला करून दाखवायचं होतं, असं नाही दादा, असं. तिनं हात तोंडापाशी नेला, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

तिच्या तोंडून जोतिरामचीच हाक आली.

तिनं पुन्हा मारली. पुन्हा तीच. तिनं डोळे मिटून माळ आठवला, बांध आठवला, आबांचा तोंडापाशी गेलेला हात आठवला; हात दिसत होता, ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र भावाचा येत होता. जोतिरामला वाटलं बहिणीला पटलं. तो हसला आणि म्हणाला, "बघ, तुलाबी येती की. पुढची म्हणू का?"

दिपालीनं फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. "नको दादा," ती म्हणाली, "आता एकबी म्हणू नको," आणि तिनं दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले.